अळंबी ओळखणारं अ‍ॅप : पाचपैकी दोन स्टार

आमच्या कळंब्याच्या घरामागं लॉनवर परवाच्या पावसात एका रात्रीत दहा-बारा पांढऱ्या छत्र्या उगवल्या, एकेक ताटलीएवढी, वर तपकिरी खवलं. शेजारच्या काकू कुंपणावरनंच म्हणल्या, अगं अळंबी हाय की, रस्सा कर झकास! म्हणलं थांबा, आधी अ‍ॅपला विचारू.

अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, असली ढीगभर आहेत. सात दिवस फुकट, मग महिन्याला 199 रुपये. वरनं फोटो काढला तर म्हणे खायची अळंबी, 91 टक्के खात्री, शेजारी हिरवी टिक. त्याच अळंबीचा बाजूनं काढला तर दुसरंच नाव आणि लाल कवटी. आता कुणाचं ऐकायचं?

शेवटी आज्जीला व्हिडिओ कॉल लावला, ती गगनबावड्याकडची, लहानपणापासनं रानातनं अळंबी काढलेली. तिनं आधी विचारलं, तिथं वारूळ हाय काय? न्हाई. मग मुळासकट उपटून दाव. बुडाला नुसता गोळा होता. "मग ती न्हाई आपली, टाक." कारण वारुळावरच्या अळंबीचा देठ मुळीसारखा खाली वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. यातलं अ‍ॅपनं काहीसुद्धा विचारलं नाही, जागा नाही, देठ नाही, खालची पाती नाहीत, नुसता फोटो!

मला चैन पडेना म्हणून एक छत्री तोडून पांढऱ्या कागदावर पाती खाली करून ठेवली, वर वाडगं झाकलं. सकाळी कागदावर हिरवट भुकटी, म्हणजे अळंबीचे बीजाणू, पडलेली. तिथंच निकाल लागला, ही क्लोरोफायलम मोलिब्डाइट्स नावाची विषारी अळंबी. कोवळी असताना हिची खालची पाती पांढरीच असतात म्हणून माणूस फसतो, जून झाली की हिरवट होतात. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब. आणि हे तरी लवकर कळतं, काही अळंब्यांचं विष सहा-बारा तासांनी उठतं आणि लिव्हरवर जातं, शिजवून पण जात नाही ते.

काकूंचं तरी चालूच, चांदीचा चमचा घालून बघ, काळा पडला तर विषारी. अहो काकू, त्यानं कायबी कळत नाही, गोगलगाईनं खाल्लेली दिसली म्हणून आपल्याला चालते असंही नाही.

दोन स्टार कशाला तर फोटो तारखेनुसार नीट साठवतं आणि नावं शोधायला सुरुवात मिळते. पण 'खाण्याजोगी' अशी हिरवी टिक दाखवायचा ह्यांना काय अधिकार? ती आधी काढा.

आणि ट्रायल घेतलीच तर सहाव्या दिवशी आठवणीनं कॅन्सल करा, नुसतं अ‍ॅप डिलीट करून भागत नाही, माझे 199 गेले तसेच.