डोक्याचा उगम शोधायचा तर प्रयोगशाळेत कोणता प्राणी ठेवावा: सिओना, ॲम्फिऑक्सस की लॅम्प्री?

चेहऱ्याची हाडं, जबडा, घ्राणपटल, कानाचा आतला भाग: पृष्ठवंशी प्राण्यांच्या डोक्याचा बराचसा भाग न्यूरल क्रेस्ट (मज्जानलिकेच्या कडेवरून निघून भ्रूणभर स्थलांतर करणाऱ्या पेशी) आणि प्लॅकोड (डोक्यावरच्या बाह्यस्तराचे जाड झालेले ठिपके) या दोन प्रकारच्या भ्रूणपेशींतून घडतो. १९८३ मध्ये गॅन्स आणि नॉर्थकट यांनी मांडलं, की पाणी गाळून खाणारा पूर्वज शिकारी झाला आणि त्याच्या शरीराच्या पुढच्या टोकाला नवं डोकं जोडलं गेलं. त्यातलं नवं किती आणि जुनं किती, हे तपासायचं तर प्राण्याची निवड प्रश्नावरून करावी.

एखादं जनुक-जाळं, म्हणजे एकमेकांना चालू-बंद करणाऱ्या जनुकांचा संच, कसं चालतं हा प्रश्न असेल, तर सिओना घ्या. हा समुद्रात एका जागी चिकटून राहणारा, ट्युनिकेट गटातला पिशवीसारखा प्राणी. ट्युनिकेट हे आपले सर्वांत जवळचे अपृष्ठवंशी नातेवाईक असल्याचं २००६ मध्ये जनुकीय तुलनेतून दिसलं. सिओनाच्या डिंभात (अळीअवस्थेत) जेमतेम २,६०० पेशी, पृष्ठरज्जूत (नोटोकॉर्ड, पाठीतला आधार देणारा दांडा) फक्त ४०; १८ अंश सेल्सिअसला साधारण १८ तासांत डिंभ बाहेर येतो. प्रौढांना सतत उजेडात ठेवलं की ते अंडी सोडत नाहीत, साठवतात. सोडियम थायोग्लायकोलेट आणि प्रोनेज यांच्या अल्कधर्मी द्रावणात अंड्याचं आवरण काही मिनिटांत निघतं. मग फलन, आणि लगेच ५० व्होल्टचा सुमारे १६ मिलिसेकंदांचा एकच विद्युतस्पंद: शेकडो भ्रूणांत डीएनए एकदम शिरतो. उघडी अंडी प्लॅस्टिकला चिकटून फाटतात, म्हणून बशीला आधी जिलेटिन किंवा ॲगरोजचा थर द्यावा. आवरण काढल्याने डाव्या-उजव्या बाजूंची मांडणी बिघडते. तो प्रश्न असेल तर ही पद्धत वापरू नये. २०१२ मध्ये याच प्राण्याच्या रंगद्रव्य-पेशींच्या वंशात ट्विस्ट हे जनुक मुद्दाम चालू केल्यावर त्या पेशी क्रेस्टसारख्या स्थलांतर करू लागल्या. आमच्या मते क्रेस्टच्या उगमाचा इतका थेट प्रयोग दुसरा नाही.

सिओनाचा खरा धोका वेगळा आहे. या वंशाने पुष्कळ जनुकं गमावली, शरीराची पुढून मागे मांडणी ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचा सलग गटही तुटला. तिथे जनुक नाही म्हणून ते पृष्ठवंशीयांत नवं, असा निष्कर्ष काढणारे हमखास फसतात.

एखादं जनुक खरंच नवं आहे का, ही पडताळणी ॲम्फिऑक्ससवर करावी. हा वाळूत राहणारा, माशासारखा दिसणारा छोटा अपृष्ठवंशी प्राणी. १५ हॉक्स जनुकं एकाच सलग गटात, आणि पृष्ठवंशीयांत झालेली संपूर्ण जीनोमची द्विरावृत्ती इथे नाही. स्थलांतर करणारा क्रेस्ट नाही, कवटी नाही, पृष्ठरज्जू तर थेट तुंडाच्या टोकापर्यंत जातो. तरी पुढच्या भागात ऑटीएक्स आणि पॅक्स६ ही पृष्ठवंशीयांच्या मेंदूच्या पुढच्या भागातली जनुकं व्यक्त होतात. म्हणजे मेंदूचा पुढचा भाग पूर्णपणे नवा धरता येत नाही. भूमध्य समुद्रातल्या जातीला हंगामात पाण्याचं तापमान १९ वरून २३ अंशांवर नेलं की ती अंडी घालते. डीएनए मात्र एकेका अंड्यात सूक्ष्म सुईने टोचावा लागतो, वेग मंद. डिंभाचं तोंड डाव्या बाजूला उघडतं. त्याची पृष्ठवंशीयांच्या तोंडाशी सरळ तुलना करू नये.

कूर्चा, कल्ल्यांच्या कमानी, जबड्याआधीचं डोकं हवं असेल तर लॅम्प्रीच, म्हणजे बामसारखा दिसणारा, जबडा नसलेला पृष्ठवंशी प्राणी. त्यात खरा क्रेस्ट आहे. पण प्रौढ एकदाच प्रजनन करून मरतात आणि डिंभ वर्षानुवर्षं चिखलात वाढतात, त्यामुळे पिढ्या वाढवणं व्यवहार्य नाही. क्रिस्परचं (जनुक कापून बदलण्याच्या तंत्राचं) काम पहिल्याच पिढीत, पेशीगणिक वेगवेगळा बदल झालेल्या भ्रूणांवर करावं लागतं. प्रत्येक भ्रूणाचं जनुकीय परीक्षण न केल्यास निकाल टिकत नाही. डीएनए शुक्राणूंतून घ्यावा: शरीरपेशींत जननपेशींतला सुमारे पाचवा हिस्सा जीनोम गळालेला असतो.

लॅम्प्रीचा जबडाविहीन नातेवाईक असलेल्या हॅगफिशचे भ्रूण मिळवणं इतकं कठीण, की पहिल्या प्रकल्पासाठी तो विचारातही घेऊ नये.