डिझेल इंजिनचं विमान : काही महिने वापरल्यावरचा अनुभव

जळगावात कोणालाही सांगा की आमचं छोटं विमान डिझेल इंजिनचं आहे, पहिला प्रश्न ठरलेला, "पंपावरून भरतो का भो?" तर नाही, आम्ही जेट ए-१ भरतो, मोठ्या विमानात जातं तेच एटीएफ.

विमान डायमंड डीए-४० एनजी, मित्रांमध्ये भागीदारीत घेतलेलं. इंजिन ऑस्ट्रोचं एई-३००, १६८ हॉर्सपॉवर, मूळ मर्सिडीजच्या दोन लिटर कारच्या इंजिनावरून बनवलेलं. याआधीच्या विमानाला लायकमिंग कंपनीचं पेट्रोल इंजिन होतं, ते तासाला ३५ लिटरच्या आसपास एव्हगॅस, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल, प्यायचं, आणि एव्हगॅस म्हणजे पिंपं मागवा, नीट साठवा, संपायच्या आत परत फोन करा. इंडियन ऑइल २०२२ पासून वडोदऱ्याला बनवतंय खरं, पण आपल्याकडच्या धावपट्टीवर ते सहज मिळत नाही. डिझेल क्रूझला, म्हणजे वर जाऊन एका वेगात सरळ उडताना, तासाला २० लिटरच्या आसपास घेतं, म्हणजे तासाला १५ लिटर सरळ वाचले, वर एटीएफ स्वस्त ते वेगळंच.

मला सगळ्यात आवडलं ते मे महिन्यात. आपल्याकडचं ४५ डिग्रीचं ऊन, उतरून चहा पिऊन परत निघायचं म्हटलं की पेट्रोल इंजिन गरमच असायचं, लाइनमध्ये पेट्रोलची वाफ झालेली, स्टार्टर मारून मारून जीव जायचा, हे पहिल्या झटक्यात सुरू होतं. टर्बो असल्यामुळे तापलेल्या विरळ हवेतही ताकद फारशी पडत नाही, फक्त चढताना कूलंटच्या तापमानावर लक्ष ठेवायचं. ताकदीचा लिव्हर एकच, मिक्स्चरची, म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण हाताने जुळवायची, भानगडच नाही.

आता पैशांचं नीट ऐका. लायकमिंग २००० तासांनी ओव्हरहॉल होतं, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने जुळवतात, आमचं हे इंजिन १८०० तासांनी काढून दुसरं बसवायचं, आणि ती रक्कम मोठी आहे. म्हणून आम्ही उडालेल्या प्रत्येक तासामागे इंजिनसाठी पैसे बाजूला टाकतो, ते धरले की इंधनातली बरीच बचत तिथेच जाते. पार्टही परदेशातून येतो, तोवर विमान हँगरमध्ये उभं. वर्षाला शंभर तासही उडत नसाल तर माझ्या मते चांगलं जुनं पेट्रोलचंच घ्या, डिझेलच्या जास्तीच्या किमतीचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील. धंद्यासाठी दर आठवड्याला मुंबई-इंदूर करणाऱ्याने मात्र डिझेलच घ्यावं, आणि सेकंडहँड बघत असाल तर मॉडेल कोणत्या सालचं ते नंतर विचारा, आधी लॉगबुक उघडून इंजिनाचे किती तास उरलेत ते बघा.