गळावर आधीच कुणाचा तरी दोरा होता

मासे पकडायच्या कृत्रिम माश्या गळावर बांधायचं काम मी घरी करत होते. त्याच्या दुसऱ्या किटमधली गळांची डबी उघडली ती रात्र मला लख्ख आठवते. ओटा आवरून मी टेबललॅम्प लावून बसले होते. 16 नंबरचा गळ करंगळीच्या नखाहून लहान असतो. तो वाइसमध्ये, म्हणजे गळ घट्ट धरणाऱ्या छोट्या पकडीत, बसवला, भिंग पुढे ओढलं, तर गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे दोरी ओवायच्या भोकामागे, हिरवट दोऱ्याचे दोन वेढे दिसले आणि त्यावर वॉर्निशचा सुकलेला थेंब. 22,000 रुपये मोजून घेतलेल्या कोऱ्या किटमधला गळ होता तो. त्यावर आधी कुणीतरी माशी बांधली होती आणि नंतर कुणीतरी ती ब्लेडने खरवडून काढली होती. रात्री दीडपर्यंत बसून मी डबीतले सगळे 100 गळ पाहिले. 31 गळांवर काही ना काही उरलेलं होतं. कुठे दोरा, कुठे तांब्याच्या तारेचं टोक, एकावर पिसाचा तपकिरी तंतू.

तोवर मला या कामात तीन महिने झाले होते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून शेजारच्या वहिनी आणि माझी भाचीही त्यात उतरल्या होत्या.

मी ऐरोलीत राहते. वीस वर्षं ब्लाउजवर आरी वर्क करते. लग्नसराई संपली की हे काम बसतं. अशाच जूनच्या सुरुवातीला फोनवर जाहिरात आली: घरबसल्या एक्स्पोर्टचं काम, सुईकाम येणाऱ्या महिलांना प्राधान्य. पत्ता वाशीच्या सेक्टर 17 मधला. लोकलने गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन टेबलांचं ऑफिस, भिंतीवर काचेच्या चौकटीत ओळीने लावलेल्या रंगीत माश्या. पीस, लोकर, रेशमी दोरा आणि गळ एवढ्यातून केलेल्या. मी आयुष्यात इतकं बारीक हातकाम पाहिलं नव्हतं, आणि मला ते किती भावलं हे तिथला माणूस माझ्या चेहऱ्यावरून ओळखत होता.

त्याने सांगितलेलं बरंचसं खरं होतं. म्हणूनच मी फसले. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. पाण्यातून उडणारे आणि पाण्यात वाढणारे किडे तो खातो, म्हणून त्याला पकडायला किड्यासारखी दिसणारी कृत्रिम माशी लागते. ग्रेलिंग त्याच्याच कुळातला. पाठीवर शिडासारखा मोठा पर, तोंड लहान, त्यामुळे त्याच्या माश्याही बारीक गळावरच्या. ग्रेलिंग आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये ट्राउटचा हंगाम संपला की शरद ऋतूत आणि थंडीत लोक ग्रेलिंगकडे वळतात. "म्हणून ताई, सप्टेंबरच्या आत माल गेला पाहिजे," असं तो म्हणाला. नंतर मी विचारपूस केली तेव्हा हंगामाची गोष्ट खरी निघाली. खोटी होती ती फक्त त्याची ऑर्डर.

प्रशिक्षणाचे 3,000 आणि किटचं डिपॉझिट 12,500. एका माशीचे 18 रुपये. 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार, त्यावर नोटरीचा शिक्का. शिक्का पाहून माझ्या यजमानांनाही धीर आला.

शिकवणं मात्र खरंखुरं होतं, हेही सांगायला हवं. पहिल्या दिवशी फेझंट टेल निम्फ, म्हणजे फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची, पाण्याखालच्या किड्यासारखी माशी. इंग्लंडमधल्या विल्टशरच्या एव्हन नदीची देखभाल करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी ती बसवली. त्यात दोराच नसतो. दोऱ्याच्या जागी तांब्याची बारीक तार. त्याच तारेने पिसाचे तंतू बांधायचे आणि तिच्याच वजनाने माशी पाण्याखाली जाते. एका वस्तूकडून दोन कामं करून घेणारं ते डोकं मला फार आवडलं. फेझंट नराच्या शेपटीचे तीन-चार तंतू घ्यायचे, त्यांची टोकं शेपटी म्हणून मागे सोडायची, उरलेले तारेसोबत पिळून अंग भरायचं, पुढे फुगीर छाती करायची. वेढे एकाच ताणाचे पडले पाहिजेत. आरीच्या टाक्यालाही हेच लागतं. तिसऱ्या दिवशी माझी निम्फ त्या चौकटीतल्या निम्फशेजारी ठेवली तर घरच्यांना वेगळी काढता येईना. मला त्या कामाचं वेड लागलं. आजही ते उतरलेलं नाही.

नमुन्याच्या 50 माश्या लगेच पास झाल्या. 900 रुपये त्याच संध्याकाळी यूपीआयने आले. ते मी वहिनींना दाखवले. माझा फोन पाहून वहिनींनी आणि भाचीने दुसऱ्याच आठवड्यात प्रत्येकी 15,500 भरले. त्या 900 रुपयांवर ऑफिसने माझ्या घरातून आणखी दोन गिऱ्हाइकं उचलली, ती मीच नेऊन दिली. हे लिहिताना आजही हात जड होतो.

जुलैत 300 निम्फ दिल्या. त्यांचे 5,400 करारानुसार 60 दिवसांनी मिळायचे होते. ऑगस्टच्या मध्याला फोन आला: तुमचा हात तयार आहे, आता ड्राय फ्लाय करा, दर 35. त्यासाठी प्रगत किट, 22,000. मी सोन्याच्या दोन बांगड्या गहाण ठेवून पैसे भरले.

ड्राय फ्लाय म्हणजे पाण्यावर तरंगणारी माशी. ती तरंगते हॅकलमुळे. कोंबड्याच्या मानेचं किंवा पाठीमागचं लांब, ताठ पीस गळाभोवती गोल गुंडाळलं की त्याचे तंतू चहूकडे उभे राहतात आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पाय रोवावेत तसे टेकतात. किटमध्ये अ‍ॅडम्स आणि रेड टॅग या दोन माश्यांचं सामान होतं. अ‍ॅडम्स 1922 साली अमेरिकेच्या मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलडे यांनी बांधली, करडं अंग आणि तपकिरी व चट्टेरीपट्टेरी पिसं एकत्र गुंडाळलेली. रेड टॅग ही ग्रेलिंगची जुनी, नावाजलेली माशी. अंगाला मोरपिसाचे तंतू, मागे लाल लोकरीचा झुपका.

14 नंबरच्या गळांवर मी आधी 100 बांधल्या. दहा दिवसांनी बोलावणं आलं. सगळ्या नापास. कारण लिहिलं होतं, 'तरंगत नाहीत'. करारातलं नववं कलम दाखवलं: 10 टक्क्यांहून जास्त माल नापास झाल्यास डिपॉझिट आणि थकीत बिल दोन्ही जप्त. म्हणजे दोन्ही किटचे पैसे गेले आणि निम्फचे 5,400ही गेले. "पुन्हा बांधून द्या, साहेबांशी बोलतो," असं म्हणून माझ्या माश्यांचं पाकीट परत हातात दिलं. मी घरी आले आणि जिद्दीने 16 नंबरची डबी उघडली. ती रात्र वर सांगितली आहे.

सकाळी उजेडात मी ते परत आलेलं पाकीट पाहिलं. त्यातल्या माश्या माझ्या नव्हत्या.

आपलं काम आपल्याला कळतं. मी माशीचं डोकं बांधताना शेवटच्या गाठीला मोजून पाच वेढे देते आणि डोळा मोकळा ठेवते, वॉर्निश सुईच्या टोकाने लावते. पाकिटातल्या निम्म्याहून जास्त माश्यांचे डोळे गोंदाने बुजलेले होते. काहींवर दोरा हिरवा, मी काळा वापरला होता. चारपाच हातांचं काम एकत्र केलेलं होतं. मग सगळं चित्र डोळ्यांसमोर आलं. माल कुठेही जात नव्हता. एकीच्या माश्या दुसरीला 'तुझा नापास माल' म्हणून परत द्यायच्या, ज्या कुणी पाहणार नाही त्या खरवडून गळ पुढच्या किटमध्ये घालायचे. आमचे डिपॉझिट हाच त्यांचा धंदा होता.

पण तरंगण्याचं काय? ते मला खातच होतं, कारण परातीत पाणी घेऊन मी स्वतः टाकून पाहिल्या आणि त्या खरंच बुडत होत्या. भाचीच्या ओळखीने ठाण्यात नौपाड्यातले एक निवृत्त काका भेटले. ते दरवर्षी परवाना काढून हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जातात. त्यांनी माझ्या घरी उरलेली अ‍ॅडम्स हातात घेतली, हॅकल बोटाने मागे सारलं, सोडलं. ते उसळून उभं राहिलं नाही, मरगळून पडून राहिलं. मग त्यांनी स्वतःच्या डबीतली एक माशी वाटीभर पाण्यात सोडली. ती काट्यांवर उभी राहावी तशी उभी राहिली.

"ताई, तुमच्या हातात काही दोष नाही," ते म्हणाले. "हे कोंबडीचं पीस आहे, रंगवलेलं. मऊ असतं, पाणी पितं. याची ओली, पाण्याखाली राहणारी माशी होते. तरंगणारी कुणी बांधली तरी ती बुडणारच."

ड्राय फ्लायसाठी लागतं ते नर कोंबड्याचं ताठ पीस. परदेशात त्यासाठी खास जातीचे कोंबडे पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवतात. आम्हाला चिकनच्या दुकानातली पिसं रंगवून दिली आणि मग तीच बुडाली म्हणून डिपॉझिट जप्त केलं. नापास होणं किटमध्येच भरून दिलेलं होतं. मी दहा दिवस स्वतःच्या बोटांना दोष देत होते.

काकांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या आणि त्या ऐकून मी घाबरले. पहिली मोरपिसाची. आपसूक गळलेली पिसं देशात विकता येतात, पण मोराची शेपटीची पिसं आणि त्यांच्या वस्तू निर्यात करायला भारतात बंदी आहे. म्हणजे मोरपीस घातलेली रेड टॅग 'एक्स्पोर्ट'ला जाते असं जो सांगतो, तो एक तर खोटं बोलतोय किंवा तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय. दुसरी गोष्ट किटच्या तळाशी असलेल्या छोट्या पाकिटाची. त्यात मानेची काळसर पिसं होती, टोकाला मेणाच्या थेंबासारखा पिवळसर ठिपका. मला ती फार सुंदर वाटली होती. ती रानकोंबड्याची, आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याची. हा पक्षी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. माझ्या कपाटात ते पाकीट एक महिना होतं.

पुढे मी वाशीला गेले तेव्हा ऑफिसला कुलूप होतं. आठवडाभरापूर्वीच टेबलं हलवली, असं वॉचमन म्हणाला. फोन बंद.

माझी मोठी चूक त्यानंतरची. वहिनींना काय तोंड दाखवू, या विचारात मी पाच आठवडे कुणालाच सांगितलं नाही. ऑनलाइन पैसे गेले की 1930 या हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांत फोन गेला तर समोरच्या खात्यातले पैसे गोठवण्याची शक्यता असते. मी फोन केला तेव्हा खातं रिकामं होतं. शेवटी वहिनी, भाची आणि मी तिघी मिळून पोलीस ठाण्यात गेलो. करार, यूपीआयच्या नोंदी, 31 गळ, परत आलेलं पाकीट, मोरपिसं, रानकोंबड्याच्या पिसांचं पाकीट, सगळं दिलं आणि पोचपावती घेतली. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318 आहे. माझे 36,600 आणि त्या दोघींचे 31,000, यातला एक रुपया अजून परत आलेला नाही.

असं काम तुमच्याकडे आलं तर निर्यातदाराचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा, क्रमांक मागा आणि विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासा. त्याशिवाय माल देशाबाहेर जात नाही. जीएसटी क्रमांकही तिथल्या तिथे फोनवर पाहता येतो. मी दोन्ही मागितले नव्हते, नोटरीचा शिक्का पुरे वाटला. नोटरी फक्त सही कुणाची ते पाहतो. आणि ज्याला तुमचं काम हवं आहे तो सामान स्वतःच्या खर्चाने देतो किंवा त्याची किंमत बिलातून कापतो. तो आधी तुमच्याकडून हजारो रुपये घेत नाही. हातकाम कुठलंही असो, प्रत्येक नगात आपली खूण ठेवा. मी आता अंगाच्या आत पहिले दोन वेढे लाल दोऱ्याचे घेते. वरून दिसत नाहीत, उकललं की दिसतात.

हो, मी अजून बांधते. काकांनी ताठ हॅकलचं एक पीस दिलं. त्याच्या तीन अ‍ॅडम्स झाल्या आणि त्या मे महिन्यात तीर्थनला गेल्या.

आता एक विनंती. त्या पाकिटातल्या 100 माश्यांपैकी 22 एकाच बाईच्या हातच्या आहेत आणि ती डावखुरी आहे. आमच्या माश्यांवर दोऱ्याचे वेढे ज्या बाजूला तिरपे पडतात, तिच्या त्याच्या उलट पडतात, आरशात पाहिल्यासारखे. दोरा हिरवट, वेढे अतिशय सारखे, शेपटीचे तंतू अगदी मापात. आमच्या सगळ्यांत चांगलं काम तिचंच होतं. तिलाही नापास म्हणून सांगितलं असणार. तुम्ही डावखुऱ्या असाल, नवी मुंबईत किंवा ठाण्यात राहत असाल आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात हिरव्या दोऱ्याने अशा माश्या बांधून दिल्या असतील, तर तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन जबाब द्या. तुमचं काम पुरावा म्हणून जमा आहे. त्यातली एकही माशी नापास होण्यासारखी नाही.