अंकुशकृमीसाठी हॅमस्टर की उंदीर?

कोल्हापुरात फार्मसीचा किंवा झूलॉजीचा प्रबंध जंतांवर करायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: 'गांडुळं घे.' पेट्री डिशमध्ये गांडूळ, त्यावर कुठल्या तरी पाल्याचा अर्क, शेजारी तुलनेला पिपेराझिन हे जंताचं औषध, हातात घड्याळ. खर्च नाही, कटकट नाही. पण गांडूळ मुळात परजीवीच नाही! त्यापेक्षा चिकनवाल्याकडून आतडी आणून ॲस्कॅरिडिया गॅली हा कोंबडीच्या आतड्यातला गोल जंत काढा. निदान खरा जंत हाती येईल. ब्रॉयलरपेक्षा गावरान कोंबडीत सापडायची शक्यता जास्त. तरी डिशमध्ये यकृत नसतं, आणि अल्बेंडाझोल या जंताच्या औषधाचं रक्तातून काम करणारं रूप यकृतात तयार होतं.

म्हणजे प्रश्न औषधाचा असेल तर जिवंत प्राणी हवा. अंकुशकृमीपुरतं (हूकवर्म, आतड्यात राहून रक्त पिणारा जंत) बोलतो.

उंदरात (म्हणजे प्रयोगशाळेतल्या छोट्या माउसमध्ये) निप्पोस्ट्रॉन्जिलस ब्राझिलिएन्सिस वापरतात. हा मूळचा रॅटचा, म्हणजे मोठ्या उंदराचा कृमी. कातडीखाली अळ्या टोचल्या की त्या फुप्फुसातून आतड्यात येतात. माणसातल्या अंकुशकृमीचा प्रवासही असाच. पण नऊ-दहा दिवसांत उंदीर बहुतेक जंत स्वतःच बाहेर टाकतो. प्रतिकारशक्ती अभ्यासायची असेल तर हेच सोनं, शिवाय उंदरासाठी अँटिबॉडी, किट, वाण सगळं मिळतं. औषध तपासायला मात्र अडचण: जंत औषधानं गेले की आपोआप, हे सांगायला वेळच पुरत नाही. जंत टिकून राहायला हवे असतील तर हेलिग्मोसोमॉइडीस पॉलिगायरस हा उंदराच्या आतड्यातला दुसरा कृमी आहे, पण तो फुप्फुसात जातच नाही.

हॅमस्टरमध्ये ॲन्सिलोस्टोमा सिलॅनिकम हा खरा अंकुशकृमी तोंडावाटे दिला की वाढून अंडी घालतो, रक्त पितो, प्राण्याचं हिमोग्लोबिन घसरतं. माणसालाही होणारा हाच कृमी. रक्तक्षय किंवा औषध हा विषय असेल तर मी डोळे झाकून हॅमस्टर घेईन. हातमोजे मात्र विसरू नका, अळ्या तुमच्याही कातडीतून शिरतात. तोटा एवढाच की हॅमस्टरसाठी तयार अँटिबॉडी फार थोड्या.

माणसातल्या मोठ्या गोल जंताचा, ॲस्कॅरिसचा विषय असेल तर दोन्ही विसरा. उंदरात त्याच्या अळ्या फुप्फुसापर्यंत जातात, प्रौढ जंत होत नाही. त्याला डुक्कर लागतं.

आणि हॅमस्टर पाळीव प्राण्यांच्या दुकानातून उचलून आणू नका. नोंदणीकृत पुरवठादार आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी, दोन्ही आधी.