‘आउटलँड’ (१९८१): उत्पादन वाढतंय, मग विचारणार कोण?

१९८१ च्या मे महिन्यात अमेरिकेत ‘आउटलँड’ लागला आणि तीनच आठवड्यांनी ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ आला. त्या गर्दीत हा सिनेमा मागे पडला तो पडलाच. त्याच्याच निर्मात्यांचा, म्हणजे लॅड कंपनीचा, ‘ब्लेड रनर’ पुढच्या वर्षी असाच आपटला होता, पण त्याला नंतर लोकांनी डोक्यावर घेतलं. ‘आउटलँड’चं नाव आजही निघतं ते ‘हाय नूनची अंतराळातली नक्कल’ म्हणून. (‘हाय नून’ म्हणजे मारेकऱ्यांची एकट्याने वाट पाहणाऱ्या मार्शलचा जुना वेस्टर्न सिनेमा.) हा अन्याय आहे. माझं सगळं आयुष्य भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेलं. कामाच्या जागेबद्दल इतका खरा सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही.

गुरूच्या आयो या चंद्रावर टायटॅनियमची खाण आहे. वर्षभराच्या करारावर आलेले कामगार, भरपूर बोनस, आणि परतीचं यान आठवड्यातून एकदा. नवा मार्शल, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, ओनील (शॉन कॉनरी) नुकताच रुजू झालाय आणि माणसं अचानक विचित्र मरायला लागतात. एकाला स्पेससूटमध्ये कोळी दिसतात आणि तो स्वतःच्या हातांनी सूट फाडतो. दुसरा सूट न घालताच लिफ्टने बाहेर निघतो. व्यवस्थापक शेपर्डचं (पीटर बॉइल) म्हणणं एकच: एवढ्या लांब, एवढ्या कोंडलेल्या जागी राहिल्यावर माणसं भ्रमिष्ट होणारच. मृतदेह पहिल्या यानाने रवाना होतात. शवविच्छेदनाची भानगडच नको.

ओनील मग कंपनीच्या डॉक्टरीणबाईंकडे जातो. डॉ. लॅझरस, फ्रान्सिस स्टर्नहॅगन. मध्यमवयीन, फटकळ, कंपनीचे डॉक्टर कोणत्या लायकीचे असतात हे स्वतःच तोंडावर सांगणाऱ्या. तो त्यांना आधीच्या महिन्यांतल्या अशा घटनांची यादी मागतो. आकडे बघितले तर ते अलीकडेच वाढलेले. हा प्रसंग सिनेमात जेमतेम दोन मिनिटांचा असेल, पण मी तो थांबवून पुन्हा लावला. आमच्याकडे मार्च एंडिंगला माल बाहेर काढायची घाई सुरू झाली की दवाखान्याचं रजिस्टर भरायला लागायचं. बोटं चिरलेली, डोळ्यात कचरा गेलेला, तिसऱ्या शिफ्टला चक्कर येऊन पडलेली मुलं. प्रत्येक नोंद वेगळी वाचली की वाटतं, झालं असेल चुकून. पानं उलटत एकत्र वाचली की कळतं काय चाललंय. ती पानं उलटायला कुणी येत नसे. या सिनेमात येतो.

तपासात निघतं ते असं: कामगारांना एक कृत्रिम उत्तेजक पुरवलं जातंय. ते घेतलं की चौदा तासांचं काम सहा तासांत उरकतं आणि दहा-अकरा महिन्यांनी माणूस ठार वेडा होतो. शेपर्डला हे नीट माहीत आहे. उत्पादन विक्रमी आहे, कामगार बोनसवर खूश आहेत, वरचे साहेब खूश आहेत, मग तक्रार कुणाची? पीटर बॉइल हे सगळं इतक्या निवांतपणे बोलतो की अंगावर काटा येतो. ओरडाआरडा करणारा खलनायक परवडला.

‘हाय नून’चं ऋण उघड आहे. ओनीलला संपवायला शेपर्डने बोलावलेले मारेकरी यानाने निघालेत, भिंतीवरच्या घड्याळात उरलेले तास उतरताहेत आणि मदतीला कुणी नाही. पण तिथे गावकरी घाबरलेले होते. इथे कामगारांना वाटतं, हा बाहेरून आलेला माणूस आपला बोनस बुडवतोय. मला हे जास्त खरं वाटतं. शेवटी उभी राहते ती डॉक्टरीणच, आणि तेही कसलं भाषण न करता.

दिग्दर्शक पीटर हायम्सने हे सगळं लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत उभं केलं. जाळीच्या पायवाटा, उघडे पाइप, एकावर एक रचलेल्या झोपायच्या खोपटी. सेटवर एक कोपरा चकचकीत नाही. ओनील ड्रग विकणाऱ्या स्पोटाचा पाठलाग करत या खोपट्यांतून स्वयंपाकघरात शिरतो तो प्रसंग आजच्या कुठल्याही ॲक्शनपटाने पाहून शिकावा. कोण कुठे पळतंय ते प्रत्येक क्षणी कळतं आणि धाप लागलेली ऐकू येते. बाहेरच्या दृश्यांसाठी इन्ट्रोव्हिजन नावाचं तंत्र पूर्ण लांबीच्या सिनेमात इथे पहिल्यांदा वापरलं. छोट्या प्रतिकृतीची प्रतिमा आणि खरा नट कॅमेऱ्यातच एकत्र यायचे, त्यामुळे माणूस प्रतिकृतीच्या आत वावरताना दिसतो. ध्वनीसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. संगीत जेरी गोल्डस्मिथचं, दबकं आणि धातूसारखं गार. ते हेडफोन लावूनच ऐका.

विज्ञान मात्र बऱ्याच ठिकाणी लंगडं आहे. निर्वातात माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो आणि मिनिट-दोन मिनिटांत मरतो. फुग्यासारखा फुटत नाही. इथे फुटतो, आणि एकदा नव्हे. तुरुंगाच्या कोठडीत कैदी तरंगतो, तेही आयोवर, जिथे पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याहून थोडं जास्तच गुरुत्वाकर्षण आहे. व्हॉयेजर १ या अंतराळयानाने मार्च १९७९ मध्ये आयोवर जिवंत ज्वालामुखी दाखवून दिले होते, पण कथेला त्यांचं काही घेणं-देणं नाही. किरणोत्सर्ग तर विचारूच नका. तिथे दिवसाला ३६ सीव्हर्टच्या (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक) आसपास मात्रा पडते. माणूस मरायला ५ पुरेत. एवढं असूनही माझा रस कमी झाला नाही, कारण माणसांचं वागणं कुठेच खोटं नाही.

खरी तक्रार शेवटाबद्दल आहे. मारेकऱ्यांचा निकाल लागतो, ओनील शेपर्डला सगळ्यांदेखत एक ठोसा लगावतो आणि बायको-मुलाकडे परत निघतो. शेपर्डच्या वर बसलेल्या साहेबांचं काय? ज्या कामगारांच्या रक्तात ते औषध अजून आहे त्यांना कोण तपासणार? डॉ. लॅझरस मागेच राहतात, आणि त्यांच्या पुढच्या सकाळवर दहा मिनिटं खर्च करायला हवी होती. कॉनरी-चाहत्यांनी तर बघावाच, पण सेफ्टी ऑफिसर, फॅक्टरी डॉक्टर आणि एचआरवाल्यांनी मुद्दाम बघावा. सुरुवातीचे मृत्यू फार बीभत्स आहेत, लहान मुलं झोपल्यावरच लावा.