तरंगती टेदर केबल: काही महिन्यांच्या वापरानंतर

टेदर म्हणजे आरओव्हीला (दुरून चालवायच्या पाण्याखालच्या रोबोला) वरच्या चालकाशी जोडणारी केबल. धरणाच्या गोड्या पाण्यात आणि कोकणातल्या खाडीत अशा दोन केबल काही महिने वापरून झाल्या. एक ७.६ मिमी जाडीची, तारांच्या चार जोड्यांची. दुसरी ४ मिमीची, एकाच जोडीची. दोन्हींत २६ गेजची तांब्याची तार, आत ताण पेलणारे केव्हलारचे धागे आणि वर फोमचं पॉलियुरेथेन आवरण.

घेताना बहुतेकजण केबल तरंगते का एवढंच विचारतात. त्याआधी जाडी विचारा. ५० मीटर केबल प्रवाहाला पूर्ण आडवी पडली आणि पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहत असलं, तर जाड केबलवर साधारण ६ किलोची ओढ येते, पातळ केबलवर ३ किलोची. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट, म्हणजे जाड केबलवर २४ किलो. छोट्या आरओव्हीचे थ्रस्टर (ढकलणारे पंखे) पुढे जेमतेम ८-१० किलोचा जोर लावतात. म्हणून खाडीत पातळच केबल घ्यावी, तीही सप्तमी-अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ सर्वांत कमी असते तेव्हा. उधाणाच्या ओढीत कुठलीच केबल कामाची नाही.

साधी कॅट-५ई (नेटवर्कची) केबल पाण्यात मीटरमागे ८-१० ग्रॅम जड भरते. १०० मीटरला जवळजवळ किलोभर. ती तळाला घासते, गाळ उठवते आणि कॅमेऱ्यापुढे सगळं गढूळ होतं. तिला फोमचे तुकडे बांधायचा उपाय स्वस्त दिसतो, पण मऊ फोम १० मीटर खोलीवरच दबून लहान होतो, आणि धरणाच्या इनटेकच्या (पाणी आत घेणाऱ्या तोंडाच्या) जाळीत नेमके तेच तुकडे अडकतात. उलट फार तरंगणारी केबल वर येऊन होडीच्या पंख्यात जाते. पाण्याइतक्याच वजनाची केबल सर्वांत बरी.

ती खरंच तशी आहे का, हे घरी तपासता येतं. १० मीटरच्या तुकड्याची टोकं सील करा, तुकडा बादलीत रात्रभर बुडवून ठेवा, बुडबुडे पुसून काढा आणि पाण्यातच ग्रॅमच्या काट्याला टांगून वजन घ्या. समुद्रासाठी लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घाला. गोड्या पाण्यात बरोबर जुळलेली जाड केबल समुद्रात १०० मीटरला सुमारे ११० ग्रॅम वर उचलते; आरओव्हीचं वजन जुळवताना हे धरावं लागतं.

या तारेतून वरून वीज पाठवायचा विचार सोडून द्या. २६ गेजच्या एका जोडीचा जाऊन-येऊन रोध १०० मीटरला जवळपास २७ ओहम आहे. २ अँपिअरलाच ५० व्होल्टहून जास्त वाटेत जातात. बॅटरी आरओव्हीतच हवी. साधं इथरनेट १०० मीटरपर्यंतच धरा. पुढे दोन्ही टोकांना होमप्लग मोडेम (घरातल्या विजेच्या तारांवरून नेटवर्क चालवायला बनवलेले) लावले की एका जोडीवर व्हिडिओ नीट येतो. तेव्हा चार जोड्यांचा फायदा एवढाच की एक तुटली तर दुसरी वापरता येते. धरणात, जिथे प्रवाह नाही आणि काँक्रीटच्या कडा केबल घासतात, तिथे त्यासाठी जाड केबल घेणं मला पटतं.

झीज कुठे होते? आरओव्हीपासूनच्या पहिल्या २ मीटरमध्ये. ताण तांब्यावर नाही, केव्हलारवर यायला हवा: जाळीदार ग्रिप घालून ती कॅराबिनरने फ्रेमला अडकवा आणि ग्रिपपासून पेनिट्रेटरपर्यंत (केबल डब्यात शिरते त्या जलरोधक तोंडापर्यंत) केबल सैल ठेवा. कालवांच्या धारेने आवरण कापलं की फोम हळूहळू पाणी पितो आणि केबल तेवढ्या भागात जड होते. चिकटपट्टीने भागत नाही. तो भाग कापून टोक पुन्हा पॉट करावं, म्हणजे पेनिट्रेटरमध्ये इपॉक्सी भरून बंद करावं. आवरण सँडपेपरने खरखरीत करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मगच इपॉक्सी भरा आणि २४ तास हलवू नका. गुळगुळीत आवरणाला इपॉक्सी धरत नाही आणि त्या फटीतून पाणी थेट इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यात शिरतं.

पीळ हा दुसरा शत्रू. आरओव्हीची प्रत्येक गिरकी केबलमध्ये एक वेढा भरते. आरओव्ही चालवणारं आर्डूसब सॉफ्टवेअर हे वेढे मोजतं. वर घेण्याआधी उलट फिरून आकडा शून्यावर आणा. ड्रम नसेल तर केबल इंग्रजी आठच्या आकड्यात गुंडाळा. गोल वेटोळं घातलं की पुढच्या वेळी पाण्यात गाठी पडतात, आणि गाठ ओढली की आतली तार मोडते.