नान मदोल : होडीने की पायी?

प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशियातील पोन्पेई बेटाच्या आग्नेय किनाऱ्यालगत, तेमवेन बेटाजवळच्या उथळ पाण्यात, पोन्पेईवर एकेकाळी राज्य करणाऱ्या सौदेलूर राजवटीने प्रवाळ आणि बेसॉल्ट हा ज्वालामुखी खडक रचून शंभरच्या आसपास कृत्रिम बेटे उभारली; तीच नान मदोल ही नगरी. तेथे पोहोचण्याचे मार्ग दोन आहेत.

पायी जाणाऱ्याने वाटेवरच्या जमीनमालकांना थोडे शुल्क द्यावे, खारफुटीतून चालावे आणि शेवटी कालवा पाण्यातून ओलांडून नानदौवास या राजसमाधीच्या बेटावर उतरावे. हा मार्ग स्वस्त आहे आणि त्याचा एक मोठा फायदा आहे : सुमारे साडेसात मीटर उंचीच्या तटाला हात लावता येईल इतके जवळ उभे राहता येते आणि बेसॉल्टचे लांबट खांब, ओंडके रचावेत तसे, एक थर आडवा, एक उभा, कसल्याही चुन्यावाचून कसे बसवले आहेत, हे नीट न्याहाळता येते. मात्र बाकीची बेटे बहुतेक दुरावतात.

होडीला भरती लागते, कारण गाळाने उथळ झालेल्या कालव्यांत ओहोटीला ती अडते. खर्चही अधिक येतो. तरीही माझा कौल होडीलाच आहे. कालवे हेच या नगरीचे रस्ते होते, आणि इदेहद, पान कादिरा ही बेटे पाण्यावरूनच एकमेकांशी जोडलेली दिसतात. २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत येतानाच हे स्थळ धोक्यातील वारशांतही नोंदले गेले. त्याचे कारण असलेला गाळ आणि त्यात फोफावलेली खारफुटी होडीतून सर्वांत स्पष्ट दिसते.